बँकॉक की अ‍ॅमस्टरडॅम: एका गुप्तरोगतज्ज्ञाचे उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातले चार मित्र, सगळे तिशीच्या आसपासचे, त्यांपैकी एकाचे लग्न ठरलेले. लग्नाच्या महिनाभर आधी परदेशवारी करायची आणि तिथे पैसे देऊन शरीरसंबंध ठेवायचे, असा त्यांचा उघड बेत आहे. बँकॉक जवळचे आणि स्वस्त, अ‍ॅमस्टरडॅम महाग पण ‘तिथे सगळे कायदेशीर’, तेव्हा दोन्हींपैकी सुरक्षित शहर कोणते, अशी त्यांची विचारणा आहे. मी त्वचारोग आणि गुप्तरोग या शाखेचा डॉक्टर आहे. नोकरीची बरीच वर्षे सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात गेली, आणि अशा सहलींहून परतलेल्या पुरुषांवर व पुढे त्यांच्या बायकांवर उपचार करणे हा माझ्या नेहमीच्या कामाचा भाग राहिला आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो: या हेतूने दोन्हींपैकी कुठेही जाऊ नये. पण एवढ्यावर उत्तर संपवले तर तुम्ही ते मनावर घेणार नाही, आणि प्रश्न प्रामाणिकपणे विचारलेला असल्यामुळे त्याला कारणांसह उत्तर देणे माझे कर्तव्य आहे. देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांना मी कधी कमी लेखलेले नाही. कंडोम, चाचण्या आणि गिऱ्हाइकांचे वागणे यांविषयी मला जे कळते त्यातले पुष्कळसे मी त्यांच्याकडूनच शिकलो आहे. माझा आक्षेप तुम्ही ‘सुरक्षित’ हा निकष फक्त स्वतःपुरता लावता याला आहे, आणि तसा लावला तरी तो दोन्ही शहरांत टिकत नाही.

आधी अ‍ॅमस्टरडॅमचे पाहू, कारण तुमचा कल तिकडे दिसतो. नेदरलँड्सने १ ऑक्टोबर २००० रोजी कुंटणखान्यांवरची बंदी उठवली. परवाना घेऊन, कर भरून, नगरपालिकेच्या नियमांत राहून हा व्यवसाय करता येतो, आणि अ‍ॅमस्टरडॅमने २०१३ पासून त्यासाठी किमान वय २१ ठेवले आहे. डी वालेन या जुन्या वस्तीतल्या काचेच्या खिडक्या तुम्ही चित्रांत पाहिल्या असतील. त्या खिडकीमागचा हिशेब मात्र चित्रात दिसत नाही. ती खोली स्त्रीच्या मालकीची नसते. ती पाळीवर भाड्याने घ्यावी लागते, आणि एका पाळीचे भाडे सहज शंभर युरोंच्या पुढे जाते. एकही गिऱ्हाईक आले नाही तरी ते भाडे चुकत नाही. म्हणजे पहिली दोन-तीन गिऱ्हाइके निव्वळ खोलीच्या भाड्यासाठी, आणि पाऊसपाण्याच्या आडवारी रस्ता रिकामा असला की एरवी जी अट तिने मान्य केली नसती ती मान्य करण्याचा दबाव, हे गणित परवान्यामुळे बदलत नाही. तिथे काम करणाऱ्या बहुसंख्य स्त्रिया परदेशातून, विशेषतः पूर्व युरोपातून आलेल्या आहेत.

यातल्या अनेक जणी स्वतःच्या निर्णयाने आलेल्या आहेत, हे मी मुद्दाम नोंदवतो, कारण सगळ्यांना बळी ठरवणे हाही त्यांच्यावर अन्यायच आहे. पण सगळ्याच तशा नाहीत, आणि कोण कुठल्या गटातली हे काचेवरून कळत नाही. डच पोलिसांच्या ‘स्नीप’ या तपासात २००७-०८ च्या सुमारास एक मोठी टोळी उघड झाली. तिने अनेक स्त्रियांना मारहाण आणि धाकदपटशा करून अ‍ॅमस्टरडॅमसह इतर शहरांतल्या खिडक्यांत उभे केले होते. त्या खिडक्या परवान्याच्या होत्या, त्या स्त्रियांची कागदपत्रेही रीतसर होती. तपासणीला येणारा अधिकारी कागद पाहून निघून जाई आणि तिचा मालक रस्त्याच्या पलीकडे उभा राहून गिऱ्हाइके मोजत असे. परवाना खोलीचा असतो. ती स्त्री त्या खोलीपर्यंत कशी आली याची हमी तो देत नाही.

हेच ओळखून नेदरलँड्सने १ जानेवारी २०२२ पासून गिऱ्हाइकावर थेट जबाबदारी टाकली. समोरची व्यक्ती मानवी तस्करीची बळी आहे हे माहीत असताना, किंवा तसा गंभीर संशय यावा अशी परिस्थिती असताना जो तिच्याशी पैसे देऊन संबंध ठेवतो तो तिथे गुन्हेगार ठरतो, आणि त्यासाठी तुरुंगवासाची शिक्षा आहे. म्हणजे ‘तिथे सगळे कायदेशीर’ हे तुमचे गृहीतक त्याच देशाच्या कायद्यात बसत नाही. अंगावर जखमा आहेत का, पैसे दुसरेच कोणी घेते का, ती बोलताना सतत कोणाकडे तरी पाहते का, नकार देण्याची तिला भीती वाटते का, या गोष्टी गिऱ्हाइकाने पाहाव्यात अशी कायद्याची अपेक्षा आहे. भाषा सामाईक नाही, हाताशी पंधरा मिनिटे, दारू किंवा गांजा पोटात, आणि दाराबाहेर मित्र हसत उभे, अशा अवस्थेत तुम्ही हे पाहणार आहात का? मला त्याची खात्री वाटत नाही, आणि मनाशी विचार केलात तर तुम्हालाही वाटणार नाही.

शहराने स्वतःही आपली इच्छा पुरेशी स्पष्ट केली आहे. २००७ पासून पुढची अनेक वर्षे ‘१०१२’ या नावाच्या प्रकल्पातून (तो त्या भागाचा पिनकोड आहे) बऱ्याच खिडक्या बंद करण्यात आल्या. २०२० मध्ये खिडक्यांसमोरून पर्यटकांचे जथे नेण्यावर बंदी आली. २०२३ मध्ये नशापाण्यासाठी आणि धिंगाण्यासाठी येणाऱ्या तरुण पुरुषांना ‘येऊ नका’ असे सांगणारी जाहिरात मोहीम पालिकेने चालवली, आणि त्याच वर्षी त्या भागातल्या रस्त्यांवर गांजा ओढणे बंद केले. या व्यवसायाचा काही भाग शहराच्या मध्यभागाबाहेरच्या एका इमारतीत हलवावा असा प्रस्ताव महापौर फेम्के हाल्सेमा यांनी मांडला. त्याला खुद्द तिथे काम करणाऱ्या स्त्रियांनी विरोध केला, कारण गजबजलेल्या रस्त्यावर त्या एकमेकींवर नजर ठेवू शकतात. मला त्यांचे म्हणणे पटते. त्रास त्यांच्यामुळे होत नव्हता, टोळ्याटोळ्यांनी येऊन काचेवर टकटक करणाऱ्या आणि परवानगीशिवाय फोटो काढणाऱ्या पाहुण्यांमुळे होत होता. चार मित्रांची लग्नाआधीची टोळी हा त्या तक्रारीचा अगदी नेमका नमुना आहे.

बँकॉकची गोष्ट उलट्या बाजूने सुरू होते. तिथे हा व्यवसाय बेकायदा आहे. १९६० मध्ये पहिला बंदीचा कायदा झाला, १९९६ मध्ये त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. दरम्यान व्हिएतनाम युद्धातल्या अमेरिकी सैनिकांच्या विश्रांतीसाठी १९६७ मध्ये झालेल्या करारानंतर बार आणि मसाजगृहांचा पसारा वाढला, आणि सैनिक गेल्यावर त्यांची जागा पर्यटकांनी घेतली. कायद्याने बंदी आणि व्यवहारात पात्पोंगसारख्या रस्त्यांवर दिव्यांची रोषणाई, या दुटप्पीपणाचा भार कोणावर पडतो ते पाहा. सार्वजनिक ठिकाणी गिऱ्हाईक शोधणाऱ्या स्त्रीला १,००० बाटपर्यंत दंड होतो, छापा पडला की नोंद तिच्या नावाची होते, आणि मालकाने पगार बुडवला किंवा गिऱ्हाइकाने मारले तर ती पोलिसांकडे कुठल्या तोंडाने जाणार? ‘बार फाइन’ नावाचा जो प्रकार तिथे चालतो त्यात गिऱ्हाईक तिला बाहेर नेण्यासाठी आधी बारला पैसे भरतो. उशीर झाला, वजन वाढले, ठरलेल्या संख्येइतकी पेये गिऱ्हाइकांना पाजली नाहीत, तर तिच्या पगारातून कपात होते. १९८५ पासून पात्पोंगमध्ये या स्त्रियांबरोबर काम करणारी ‘एम्पॉवर’ ही संस्था हे सगळे कामगारांच्या हक्कांचे प्रश्न म्हणून मांडत आली आहे, आणि इतर कामगारांना मिळणारे संरक्षण आम्हालाही द्या एवढीच त्यांची साधी मागणी आहे.

वयाचा मुद्दा बँकॉकमध्ये विशेष गंभीर आहे. १९९६ च्या थाई कायद्याप्रमाणे कुंटणखान्यात १५ ते १८ वयाच्या व्यक्तीशी संबंध ठेवणाऱ्याला १ ते ३ वर्षे तुरुंगवास आणि दंड होतो, १५ पर्यंतच्या व्यक्तीशी ठेवल्यास २ ते ६ वर्षे, आणि तिची संमती होती हा बचाव चालत नाही. दलालाने किंवा खुद्द त्या मुलीने सांगितलेल्या वयावर विसंबणे म्हणजे तिच्या बालपणाशी आणि स्वतःच्या आयुष्याशी जुगार खेळणे आहे. विमान परत मुंबईला उतरले की प्रकरण मागे पडले असेही समजू नका. भारतीय न्याय संहितेचे पहिलेच कलम भारतीय नागरिकाने परदेशात केलेल्या कृत्याला ती लागू करते. केंद्र सरकारच्या मंजुरीने इथे खटला चालू शकतो, आणि तस्करी होऊन आलेल्या व्यक्तीचे लैंगिक शोषण जाणूनबुजून करणाऱ्याला त्याच संहितेच्या कलम १४४ खाली किमान ३ वर्षांची, व्यक्ती बालक असल्यास किमान ५ वर्षांची शिक्षा आहे.

आपल्याला या प्रकारातली दुसरी बाजू ठाऊक नाही असे नाही. फ्रेडी पीट्स प्रकरण गोव्यात १९९१ मध्ये उघडकीला आले. अनाथ मुलांसाठी घर चालवतो असे सांगणाऱ्या त्या माणसाने ती मुले परदेशी पर्यटकांच्या हवाली केली होती, आणि १९९६ मध्ये त्याला जन्मठेप झाली. गोव्याचा २००३ चा बालकायदा अशा अनुभवांतून आला. तेव्हा ते पाहुणे आपल्याकडे सुट्टीच घालवायला आले होते.

आता माझ्या विषयाकडे येतो. तुमच्यापैकी एकाने लिहिले आहे की बँकॉकमध्ये एड्स जास्त आणि अ‍ॅमस्टरडॅममध्ये तपासणी होते, म्हणून दुसरे बरे. ही तुलना चुकीच्या जागी केली आहे. थायलंडने १९८९ मध्ये रात्चबुरी प्रांतात एक प्रयोग केला आणि १९९१ मध्ये तो देशभर नेला: प्रत्येक कुंटणखान्यात, प्रत्येक गिऱ्हाइकाला, कंडोम सक्तीचा. नियम सगळीकडे एकच असल्यामुळे ‘इथे नाही तर शेजारी जातो’ ही गिऱ्हाइकाची धमकी निकामी झाली. कंडोमचा वापर काही वर्षांतच १४ टक्क्यांवरून ९० टक्क्यांच्या वर गेला आणि गुप्तरोगांचे प्रमाण झपाट्याने उतरले. या यशातून जगाने शिकण्यासारखी गोष्ट ही की कंडोम नको म्हणणारा बहुतेक वेळा पुरुष असतो. सांगलीच्या गोकुळनगर या वेश्यावस्तीत १९९२ पासून ‘संग्राम’ या संस्थेने आणि पुढे वेश्या अन्याय मुक्ती परिषदेने कंडोमवाटपाचे काम याच स्त्रियांच्या हाती दिले तेव्हाही हेच दिसले. तेव्हा शहराचे नाव पाहून धोका मोजू नका. चार पेगनंतर तुम्ही काय करता यावर तो मोजा, कारण रुग्णांचा इतिहास विचारताना ‘पहिल्या दिवशी वापरला, नंतर लक्षात नाही’ हे वाक्य मी सर्वाधिक ऐकले आहे.

कंडोमच्या मर्यादाही समजून घ्या. एचआयव्ही आणि परमा (गनोरिया) यांच्याविरुद्ध तो उत्तम काम करतो, पण गरमी (सिफिलिस), जननांगावरची हर्पिस, आणि मस्से व कर्करोगाला कारण होणारा एचपीव्ही हे कंडोमने न झाकलेल्या त्वचेच्या स्पर्शातूनही पसरतात. मुखमैथुनात जवळजवळ कोणीच कंडोम वापरत नाही, आणि परमा घशात कुठलेही लक्षण न दाखवता राहू शकतो. मसाजसाठी वापरलेले तेल लेटेक्सचा कंडोम काही मिनिटांत कमकुवत करते. ही गोष्ट मसाजगृहातून परतलेल्या पुरुषांना मी सांगतो तेव्हा त्यांचा चेहरा उतरतो. औषधांना न जुमानणाऱ्या परम्याचा प्रश्न तर जगभर वाढतो आहे. २०१८ मध्ये ब्रिटनमधल्या एका पुरुषाला आग्नेय आशियात झालेला परमा नेहमीच्या दोन्ही औषधांना दाद देईना, आणि अखेर त्याला शिरेतून द्यावयाच्या प्रतिजैविकाचा आधार घ्यावा लागला.

आणि याच्या जोडीला आपली स्वतःच औषध घेण्याची सवय. सहलीहून आलेला रुग्ण खिशातून अर्धी रिकामी स्ट्रिप काढून टेबलावर ठेवतो. परदेशातल्या किंवा गल्लीतल्या औषधविक्रेत्याने दिलेली सिप्रोफ्लॉक्सासिन असते. दोन दिवस जळजळ थांबली म्हणून गोळ्या बंद केल्या, आता पुन्हा पू येतो आहे. परम्याचे जंतू या औषधाला कधीच सरावले आहेत. अर्धवट औषधाने रोग दबतो, तपासणीत जंतू सापडणे अवघड होते, आणि मधल्या आठवड्यांत तो घरी पोहोचलेला असतो.

तुमच्या बेतातला सर्वांत मोठा घोटाळा मात्र तारखांचा आहे, आणि तो दोन्ही शहरांना सारखाच लागू आहे. सहल लग्नाच्या महिनाभर आधी आहे. परमा दोन दिवसांपासून दोन आठवड्यांत लक्षण दाखवतो. गरमीची पहिली जखम १० ते ९० दिवसांत कधीही येते, ती दुखत नाही, आणि तीन ते सहा आठवड्यांत उपचाराशिवाय आपोआप भरून जाते, म्हणून माणूस निर्धास्त होतो. एचआयव्हीची प्रयोगशाळेतली चौथ्या पिढीची चाचणी साधारण ४५ दिवसांनी निर्णायक मानली जाते, बोटाच्या थेंबावर होणारी जलद चाचणी ९० दिवसांनी. हिपॅटायटिस बी दिसायला सहा महिनेही लागू शकतात. म्हणजे विमानतळावरून थेट येऊन ‘डॉक्टर, सगळ्या टेस्ट करा’ म्हणणाऱ्या नवऱ्या मुलाला मी लग्नाच्या दिवसापर्यंत कुठलेही खात्रीचे उत्तर देऊ शकत नाही. त्याच्या हाती पडणारा ‘निगेटिव्ह’ अहवाल त्या सहलीविषयी काहीच सांगत नसतो, तरी तो तेवढ्या कागदाच्या बळावर मांडवात उभा राहतो.

याचा शेवट कुठे होतो ते मी प्रसूतिपूर्व तपासणीच्या अहवालांत पाहतो. गर्भवतीच्या रक्ताची गरमीसाठी चाचणी नेहमीचाच भाग म्हणून होते. ती सकारात्मक आली की नवऱ्याला बोलावून घेतात, आणि बंद दाराआड विचारल्यावर कळते की लग्नाआधी एक जखम आली होती, दुखत नव्हती, गेली. नंतर तळहातावर आणि तळपायावर लालसर डाग आले होते, ते उन्हाळ्याचे समजून कॅलामाइन लावले. बेंझाथिन पेनिसिलिनचे २४ लाख युनिटांचे इंजेक्शन स्वस्त आहे आणि वेळेवर दिले तर आई व मूल दोघेही वाचतात. उशीर झाला तर गर्भ दगावतो किंवा मूल रोग घेऊनच जन्माला येते. दाराबाहेर बाकावर बसलेली ती बाई सासूला काय सांगायचे याचा विचार करत असते, कारण घरात पहिला संशय तिच्यावरच घेतला जाणार आहे. त्या सहलीविषयी तिला कोणी विचारले नव्हते.

इतके सांगूनही तुमच्यापैकी कोणी जाणारच असेल, तर डॉक्टर म्हणून मी त्याला वाऱ्यावर सोडणार नाही. हिपॅटायटिस बीची लस नेहमीच्या क्रमाने सहा महिन्यांत पूर्ण होते, त्यामुळे शेवटच्या आठवड्यात धावपळ करून पूर्ण संरक्षण मिळत नाही. कंडोम फाटला, निसटला किंवा वापरलाच नाही, तर एचआयव्ही टाळणारी औषधे ७२ तासांच्या आत, शक्यतो पहिल्या काही तासांतच सुरू करावी लागतात आणि २८ दिवस चुकवता येत नाहीत. त्यासाठी परतीच्या विमानाची वाट पाहू नका. बँकॉकमध्ये थाई रेड क्रॉसचे निनावी तपासणी केंद्र १९९१ पासून चालू आहे, अ‍ॅमस्टरडॅममध्ये जीजीडी या नगरपालिकेच्या आरोग्यसेवेकडे किंवा रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावे. प्रवास विम्यातून याचा खर्च मिळेल असे धरू नका, बहुतेक पॉलिसींत लैंगिक आजार वगळलेले असतात. आणि ती ‘नाही’ म्हणाली, किंवा मध्येच थांब म्हणाली, तर थांबायचे. पैसे दिले आहेत हे कारण कुठल्याही देशात चालत नाही.

ज्याचे लग्न ठरले आहे त्याच्यासाठी स्वतंत्रपणे लिहितो. तू गेलास तर परतल्यावर लगेच एक तपासणी, सहाव्या आठवड्यानंतर दुसरी आणि तीन महिने पूर्ण झाल्यावर तिसरी करावी लागेल, हिपॅटायटिस बीची लस झालेली नसेल तर त्याची तपासणी सहा महिन्यांनी पुन्हा, आणि तिसरी तपासणी स्वच्छ येईपर्यंत पत्नीशी कंडोमशिवाय संबंध ठेवता येणार नाही. लग्नानंतरचे पहिले दोन महिने हे तिच्यापासून लपवून कसे पाळणार आहेस, याचे उत्तर आज तुझ्याकडे असायला हवे. ते नसेल तर लग्नाची तारीख पुढे ढकलण्याचे कारण घरच्यांना सांगावे लागेल. या दोन्हींपेक्षा मित्रांना नकार देणे सोपे आहे. आणि आधीच कधी असा संबंध येऊन गेला असेल, तर सरकारी रुग्णालयातल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये आणि आयसीटीसी या एचआयव्ही तपासणीच्या केंद्रात तपासणी व समुपदेशन मोफत होते, २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने तुझ्या अहवालाची गुप्तता राखणे बंधनकारक आहे, आणि १०९७ हा मोफत क्रमांक फिरवला तर जवळचे केंद्र कुठे आहे ते मराठीतही सांगतात.